छत्रपती संभाजीनगरची टीम आली, दोन सीझन खेळली आणि गेली. रोहित पवारांच्या क्रिकेटमध्ये मराठवाडा कुठंय?

जून 2023. पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियममध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग म्हणजेच एमपीएल सुरू झाली. सहा टीम होत्या. पुणेरी बाप्पा, कोल्हापूर टस्कर्स, रत्नागिरी जेट्स, ईगल नाशिक टायटन्स, सोलापूर रॉयल्स आणि छत्रपती संभाजी किंग्ज.

या शेवटच्या नावामुळं छत्रपती संभाजीनगरात चर्चा झाली. आपल्या शहराची टीम, टीव्हीवर मॅच आणि आयकॉन प्लेयर कोण, तर तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. म्हणजे अख्ख्या मराठवाड्याला आपली वाटावी अशी टीम.

पण 2025 चा सीझन आला तेव्हा सहा टीमच्या यादीत पुणे, कोल्हापूर, नाशिक आणि रत्नागिरी होते. सोलापूर आणि संभाजीनगरच्या जागी रायगड रॉयल्स आणि सातारा वॉरियर्स आले होते. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याची एकही टीम उरली नाही.

दुसरी गोष्ट अशी की, जे दोन सीझन ही टीम खेळली त्यातली एकही मॅच संभाजीनगरात झाली नाही. सगळ्या गहुंजेला झाल्या. शहराचं नाव जर्सीवर होतं, मैदानावर मात्र ते आलंच नाही.

ही लीग ज्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली ते महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष म्हणजे आमदार रोहित पवार. पवार घराणं आणि क्रिकेट हे नातं महाराष्ट्राला नवं नाही. पण पुढची पिढी या खुर्चीपर्यंत कशी पोहोचली, ही खुर्ची एवढी महत्त्वाची का आहे आणि तिथं कुणीही बसलं तरी मराठवाड्यातल्या पोराला त्यानं काय फरक पडतो, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

आधी घराणं समजून घेऊ

पवारांच्या राजकारणाची सुरुवात सांगताना सगळे शरद पवारांपासून सुरू करतात. खरं तर ती त्यांच्या आई शारदाबाई पवारांपासून होते. 1930 च्या दशकात बायका घराबाहेर पडणं अवघड होतं, त्या काळात शारदाबाई पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या होत्या.

त्यांच्या मुलांपैकी शरद पवार राजकारणात गेले. थोरले बंधू दिनकरराव म्हणजेच आप्पासाहेब पवार यांनी शेतीचा रस्ता धरला. बारामतीचं कृषी विकास प्रतिष्ठान उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा. आप्पासाहेबांचे चिरंजीव राजेंद्र पवार आणि राजेंद्र पवारांचे चिरंजीव रोहित. म्हणजे रोहित पवार हे शरद पवारांचे नातू लागतात, पण पुतण्याच्या बाजूनं.

1985 चा जन्म. बारामतीत शाळा, मुंबई विद्यापीठातून मॅनेजमेंटची पदवी आणि मग घरचा उद्योग बारामती ॲग्रो. 2017 मध्ये पुणे जिल्हा परिषदेवर शिर्सुफळ-गुणवडी गटातून निवडून गेले. 2018 मध्ये देशातल्या साखर कारखान्यांची संघटना असलेल्या इस्माचं अध्यक्षपद मिळालं. 2019 ला नगर जिल्ह्यातल्या कर्जत-जामखेडमधून तेव्हाचे मंत्री राम शिंदे यांना 43 हजार 347 मतांनी हरवून ते आमदार झाले. 2024 ला त्याच राम शिंदेंसमोर ते पुन्हा जिंकले, पण लीड होतं फक्त 1 हजार 243 मतांचं.

थोडक्यात जिल्हा परिषद, साखर आणि विधानसभा असा क्रम. त्यात 8 जानेवारी 2023 ला क्रिकेटची भर पडली. त्या दिवशी ते महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले. उपाध्यक्ष झाले रत्नागिरीचे किरण सामंत, म्हणजे तेव्हाच्या शिंदे सरकारमधले मंत्री उदय सामंत यांचे भाऊ. सहाच महिने आधी राज्यात महाविकास आघाडीचं सरकार पडलं होतं. विधानसभेत एकमेकांसमोर उभे असलेले पक्ष क्रिकेटच्या टेबलावर मात्र शेजारी बसले होते.

आजोबांनी घालून दिलेला रस्ता

हे शेजारी बसणं महाराष्ट्राला शिकवलं ते शरद पवारांनीच. त्यांचं क्रिकेटशी नातं सासरकडूनही आहे. त्यांचे सासरे सदाशिव शिंदे हे भारताकडून 7 टेस्ट खेळलेले लेगस्पिनर. पण पवारांनी क्रिकेटमध्ये जे केलं ते मैदानाबाहेर.

2001 ला त्यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनची निवडणूक लढवली. समोर होते अजित वाडेकर, ज्यांच्या कॅप्टन्सीत भारतानं 1971 ला वेस्ट इंडिज आणि इंग्लंडला त्यांच्या घरात हरवलं होतं. वाडेकर हरले, पवार जिंकले.

2004 ला पवार बीसीसीआयच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. समोर रणबीरसिंग महेंद्र, म्हणजे हरियाणाचे माजी मुख्यमंत्री बन्सीलाल यांचे चिरंजीव. मतं समसमान पडली आणि जगमोहन दालमियांच्या निर्णायक मतावर महेंद्र निवडून आले. पुढच्याच वर्षी पवारांनी महेंद्र यांना 20 विरुद्ध 11 मतांनी हरवून हिशेब चुकता केला. पवार अध्यक्ष असतानाच 2008 ला आयपीएल सुरू झाली. 2010 ते 2012 या काळात ते आयसीसीचे अध्यक्ष होते.

या काळात महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्ये एक गोष्ट पक्की होत गेली. असोसिएशनच्या निवडणुकीत रन किती काढले हे चालत नाही, मतदार किती जोडले हे चालतं. 2001 ला वाडेकर हरले. 2011 ला दिलीप वेंगसरकर हरले. 2022 ला 1983 च्या वर्ल्ड कप टीममधले संदीप पाटील हरले. त्या वेळी त्यांच्यासमोरच्या अमोल काळेंच्या मागं पवार आणि भाजपचे आशिष शेलार एकत्र उभे होते.

मराठवाड्याचे दोन नेते मुंबईत क्रिकेट शोधत होते

या सगळ्यात मराठवाड्याचा एक वेगळाच किस्सा आहे. 2011 ला वेंगसरकरांना हरवणारे होते विलासराव देशमुख. गाव बाभळगाव, जिल्हा लातूर. 2012 ला विलासरावांचं निधन झालं.

2013 ला मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदासाठी अर्ज भरला गोपीनाथ मुंडेंनी. समोर शरद पवार. लढत जोरदार होणार असं वाटत असतानाच मुंडेंचा अर्ज बाद झाला. कारण दिलं गेलं रहिवासाचं. मुंडेंचा कायमचा पत्ता मुंबईचा नाही, परळीचा आहे. पवार बिनविरोध निवडून आले.

आता यातली गंमत बघा. मराठवाड्याचे दोन सगळ्यात मोठे नेते क्रिकेटच्या राजकारणात उतरले, पण दोघंही मुंबईच्या. लातूर, परळी आणि संभाजीनगरच्या पोरांचं क्रिकेट मुंबईच्या असोसिएशनकडं कधी नव्हतंच. ते आहे पुण्याच्या असोसिएशनकडं.

तीन असोसिएशनचं गणित

बीसीसीआयच्या नकाशात महाराष्ट्राचे तीन तुकडे आहेत. मुंबई आणि आसपासचा भाग मुंबई क्रिकेट असोसिएशनकडं. नागपूरसह विदर्भ हा विदर्भ क्रिकेट असोसिएशनकडं. उरलेलं सगळं, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र, कोकणचा मोठा भाग आणि पूर्ण मराठवाडा, हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडं. ऑफिस आणि स्टेडियम दोन्ही पुण्याच्या बाजूला.

लोढा समितीनं 'एक राज्य, एक मत' असा नियम सुचवला होता. 2016 ला सुप्रीम कोर्टानं तो मान्यही केला. पण ऑगस्ट 2018 मध्ये कोर्टानंच त्यात बदल केला आणि महाराष्ट्राच्या तिन्ही असोसिएशनना बीसीसीआयमध्ये पूर्ण मत परत मिळालं. म्हणून महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचा अध्यक्ष हा फक्त पुण्यातल्या मैदानांचा मालक नसतो. देशातल्या सगळ्यात श्रीमंत क्रीडा संघटनेतल्या एका मताची किल्ली त्याच्याकडं असते. आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच वर्षांचे मीडिया हक्क 48 हजार 390 कोटींना गेले. बीसीसीआयच्या कमाईतला वाटा राज्य असोसिएशनना मिळतो. खुर्चीची किंमत इथून कळते.

मंत्री चालत नाही, मग कोण चालतं?

लोढा समितीच्या सुधारणांनी तीन गोष्टी केल्या. मंत्री आणि सरकारी नोकर यांना पदाधिकारी होता येणार नाही. 70 वर्षांवरच्यांना बंदी. आणि ठरावीक काळानंतर सक्तीची विश्रांती. 70 च्या अटीमुळंच डिसेंबर 2016 मध्ये शरद पवारांनी मुंबईचं अध्यक्षपद सोडलं.

हेतू होता राजकारण्यांची पकड सैल करण्याचा. प्रत्यक्षात काय झालं? ज्येष्ठ नेते बाहेर गेले आणि दरवाजातून पुढची पिढी आत आली.

यादी बघा. अमित शहांचे चिरंजीव जय शहा 2019 ला बीसीसीआयचे सचिव आणि डिसेंबर 2024 पासून आयसीसीचे अध्यक्ष. अनुराग ठाकूर यांचे भाऊ अरुण धुमल 2019 ला बीसीसीआयचे खजिनदार आणि नंतर आयपीएलचे चेअरमन. अरुण जेटलींचे चिरंजीव रोहन जेटली 2020 ला दिल्लीचे अध्यक्ष. अशोक गेहलोत मुख्यमंत्री असताना त्यांचे चिरंजीव वैभव राजस्थानचे अध्यक्ष. सप्टेंबर 2025 मध्ये ज्योतिरादित्य शिंदेंचे चिरंजीव महानआर्यमन मध्य प्रदेशचे अध्यक्ष झाले. त्यांचे आजोबा माधवराव शिंदे स्वतः बीसीसीआयचे अध्यक्ष होते.

यात भाजप आहे, काँग्रेस आहे आणि राष्ट्रवादीही आहे. नियमानं मंत्र्याला अडवलं, मंत्र्याच्या घराला नाही. आमदार-खासदारांनाही वाट मोकळी राहिली. आशिष शेलारांचं उदाहरण यात अगदी नेमकं बसतं. आमदार असताना 2022 पासून ते बीसीसीआयचे खजिनदार होते. डिसेंबर 2024 मध्ये मंत्री झाले आणि ते पद सोडावं लागलं.

रोहित पवार याच चौकटीत बसतात. आमदार आहेत, मंत्री नाहीत, वय कमी आहे. नियमाप्रमाणं त्यांच्या निवडीत काहीच गैर नाही. त्यामुळं ते या पदावर का आहेत यापेक्षा पदावर राहून काय केलं, हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

रोहित पवारांच्या काळात काय झालं?

जमेच्या बाजूला दोन मोठ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे वर्ल्ड कप. पुण्यात याआधी वर्ल्ड कपची मॅच झाली होती 1996 ला, जेव्हा नेहरू स्टेडियमवर केनियानं वेस्ट इंडिजला हरवलं होतं. त्यानंतर 27 वर्षांनी म्हणजे 2023 च्या वर्ल्ड कपच्या पाच मॅच गहुंजेला झाल्या. त्यात 19 ऑक्टोबरची भारत-बांगलादेशही होती.

दुसरी म्हणजे एमपीएल. तामिळनाडू आणि कर्नाटकनं आपापल्या लीग आधीच सुरू केल्या होत्या. आयपीएलच्या स्काउटना पोरं तिथं दिसायची. महाराष्ट्राच्या पोरांना तसा मंच नव्हता, तो मिळाला. पहिल्या लिलावात नौशाद शेख 6 लाखांना कोल्हापूरकडं गेला. आयपीएलच्या मानानं ही रक्कम किरकोळ, पण रणजीच्या आसपास घुटमळणाऱ्या खेळाडूसाठी हा मोठा आधार. पुढं बायकांसाठीही लीग आली.

उणे बाजूही आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये भारत-न्यूझीलंड टेस्टच्या पहिल्याच दिवशी गहुंजेला प्रेक्षकांना उन्हात प्यायला पाणी मिळालं नाही. असोसिएशनला माफी मागावी लागली.

राजकारणाचा ताणही सोबत होताच. जुलै 2023 ला राष्ट्रवादी फुटली, रोहित पवार शरद पवारांसोबत राहिले. मार्च 2024 मध्ये ईडीनं बारामती ॲग्रोची सुमारे 50 कोटींची मालमत्ता जप्त केली. ती होती कन्नडच्या साखर कारखान्याची, म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलीच. शिखर बँकेच्या लिलावाशी संबंधित हे प्रकरण. रोहित पवारांनी आरोप फेटाळले आणि ही राजकीय सूडबुद्धीची कारवाई असल्याचं सांगितलं. त्याचा क्रिकेटशी थेट संबंध नाही. पण असोसिएशनचा अध्यक्ष राजकारणी असला की खेळाची खुर्ची आणि राजकारणातली लढाई वेगळी ठेवणं किती अवघड असतं, ते यातून दिसतं.

खरा प्रश्न आहे अंतराचा

मराठवाड्यात खेळाडू नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही.

बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर रेल्वेकडून खेळून भारतीय टीममध्ये पोहोचला. 2002 च्या लीड्स टेस्टमध्ये ओपनिंगला येऊन त्यानं काढलेले 68 रन जुन्या लोकांना आजही आठवतात. पैठणचा अंकित बावणे महाराष्ट्राचा कॅप्टन झाला. 2016 ला दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळेसोबत त्यानं 594 रनची नाबाद पार्टनरशिप केली, त्यात अंकितचे नाबाद 258 होते. अंबाजोगाईचा दिग्विजय देशमुख मुंबई इंडियन्सच्या टीममध्ये निवडला गेला. हंगरगेकर 2022 चा अंडर-19 वर्ल्ड कप जिंकून आला. बीडच्या सचिन धसनं 2024 च्या अंडर-19 वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 रन काढून हातातून गेलेली मॅच परत आणली.

म्हणजे गुणवत्ता आहे. अडचण आहे ती संभाजीनगर ते पुणे या सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त अंतराची. शहरात आमखास मैदान आहे, गरवारे स्टेडियम आहे, गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आहे. पण मोठ्या मॅच, चांगल्या क्लबची लीग आणि सिलेक्टरची नजर यांचं केंद्र पुणे आहे. ज्याच्या घरच्यांना पोराला पुण्यात ठेवणं परवडतं त्याचा रस्ता सोपा होतो. ज्यांना परवडत नाही त्यांचा पोरगा जिल्ह्याच्या टीमपर्यंत खेळतो आणि बारावीनंतर किट माळ्यावर जातं.

इथं विदर्भाकडं बघायला हवं. विदर्भाला स्वतःची असोसिएशन आहे. 2008 ला जामठ्याचं स्टेडियम उभं राहिलं, अकॅडमीवर पैसा लागला आणि विदर्भानं 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीनदा रणजी जिंकली. महाराष्ट्राच्या टीमनं शेवटची रणजी जिंकली 1940-41 ला. 2013-14 ला फायनल गाठली, तिथं कर्नाटककडून हार झाली. विदर्भाहून मोठा भूभाग आणि जास्त जिल्हे हाताशी असताना ही अवस्था आहे. याचं खापर एका अध्यक्षावर फोडता येणार नाही, कारण हे दुखणं 80 वर्षांहून जुनं आहे. पण पुण्याच्या बाहेर क्रिकेट नेल्याशिवाय ते बरं होणार नाही, हे विदर्भाकडं बघून कळतं.

म्हणूनच संभाजीनगरची टीम लीगमधून जाणं ही किरकोळ बातमी नाही. फ्रँचायझी म्हणजे धंदा, मालक येतात आणि जातात हे मान्य. पण लीग असोसिएशनची आहे, आणि असोसिएशनवर आपल्या सगळ्या जिल्ह्यांची जबाबदारी आहे.

मग जाब कुणाला विचारायचा?

इथं गोष्ट पुन्हा मतदारांवर येते. असोसिएशनचा अध्यक्ष जनता निवडत नाही. जिल्हा संघटना, क्लब आणि सभासद निवडतात. म्हणजे काही शे लोकांचा मतदारसंघ. कर्जत-जामखेडमध्ये लीड 43 हजारांवरून 1 हजार 243 वर आलं की नेत्याला लोकांचा मूड लगेच कळतो. क्रिकेटच्या निवडणुकीत संभाजीनगरच्या खेळाडूच्या बापाला मतच नाही, त्यामुळं त्याचा राग मोजण्याची सोयही नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. 2028 च्या ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट असल्यानं बीसीसीआयही त्याच्या कक्षेत आली. पण माहिती अधिकाराचं कलम सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांपुरतंच ठेवलं गेलं. बीसीसीआय सरकारी पैसा घेत नाही, त्यामुळं ती त्यातून सुटली. याच कायद्यानं 70 ते 75 वयाच्या लोकांसाठीही काही अटींवर दार उघडलं. थोडक्यात, ज्येष्ठांची वाट पुन्हा मोकळी होतेय आणि हिशेब मागायची वाट तेवढीच अरुंद आहे.

घराण्याचं नाव असणं हे क्रिकेटमध्ये नेहमी वाईटच असतं असंही नाही. नाव असलं की सरकारी परवानग्या लवकर मिळतात, स्पॉन्सर फोन उचलतात, वर्ल्ड कपच्या मॅच पदरात पडतात. पवारांच्या दोन पिढ्यांनी हे करून दाखवलंय. पण हे वजन आतापर्यंत पुणे आणि मुंबईच्या स्टेडियमसाठी वापरलं गेलं. रोहित पवारांच्या स्वतःच्या मतदारसंघाची, जामखेडची हद्द बीड जिल्ह्याला लागून आहे. मराठवाडा त्यांना लांबचा नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असोसिएशनच्या अध्यक्षपदी पवार असोत की दुसरं कुणी, मराठवाड्यानं तीन साध्या गोष्टी बघाव्यात. संभाजीनगरात रणजीची मॅच होते का? लीगमध्ये मराठवाड्याची टीम परत येते का, आणि आली तर तिची एक तरी मॅच घरच्या मैदानावर होते का? आणि सिलेक्शनच्या ट्रायलसाठी सिलेक्टर मराठवाड्यात येतात, की पोरांनाच रात्रीची बस पकडून पुण्याला जावं लागतं?

या तीन प्रश्नांची उत्तरं हो आली, तर अध्यक्षाचं आडनाव काय आहे याची चर्चा आपोआप कमी होईल.